बेजुबान माशांची जबान

मराठीत आपण 'मुकी जनावरे' म्हणतो, उर्दूत 'बेजुबान जानवर'. दोन्ही शब्दांत दया आहे, पण एक निकालही दडलेला आहे. ज्याला बोलता येत नाही त्याचे म्हणणे ऐकायचा प्रश्नच येत नाही, असा तो निकाल. गाय हंबरते, मांजर विव्हळते, हे रोज ऐकूनही आपण त्यांना मुके ठरवतो. मग पाण्यातल्या माशाबद्दल तर विचारायलाच नको.

हा समज फक्त सामान्य माणसांचा नव्हता. फ्रान्सचे प्रसिद्ध समुद्रसंशोधक झाक-ईव्ह कुस्तो यांनी समुद्राखाली केलेल्या चित्रीकरणाचा माहितीपट १९५६ साली आला. नाव होते 'द सायलेंट वर्ल्ड', म्हणजे 'मौन जग'. फ्रान्समधल्या कान शहरातल्या चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. योगायोग बघा, 'कान' नावाच्या गावात समुद्र मुका असल्याच्या कल्पनेचा गौरव झाला! कुस्तो खोटे बोलत नव्हते. पाठीला हवेची टाकी बांधून बुडणाऱ्याच्या कानाशी त्याच्याच श्वासाचे बुडबुडे इतके खळखळतात की बाकीचे काही नीट ऐकूच येत नाही. गंमत अशी की त्याच वर्षांत अमेरिकेजवळच्या बहामा बेटांवर काही अभ्यासक पाण्यात माइक सोडून बसले होते आणि प्रवाळाच्या खडकांवर चाललेला गलबला टेपवर उतरवून घेत होते.

माशांचे आवाज ऐकण्याची ही विद्या कशी जन्मली आणि आज तिला एवढे महत्त्व का आले, याचा हा छोटा इतिहास.

अरस्तूची नोंद

माशांच्या आवाजाबद्दलची सर्वांत प्रसिद्ध जुनी नोंद अरस्तूची, म्हणजे अ‍ॅरिस्टॉटलची आहे. प्राण्यांवरच्या ग्रंथात तो लिहितो की माशांना फुप्फुस नाही, श्वासनलिका नाही, म्हणून त्यांना खरा 'कंठ' नाही. पण तो तिथेच थांबत नाही. काही मासे घुरघुरतात, किंचाळतात, असे सांगून तो त्यांची नावे देतो. हे आवाज कल्ले घासल्याने निघतात किंवा पोटाजवळच्या आतल्या भागांतून, जिथे हवा असते, असे कारणही देतो. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आहे. माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचा आवाजाशी संबंध आहे, हे आजचे विज्ञानही मानते.

हा ग्रंथ पुढे कसा टिकला, हेही सांगायला हवे. नवव्या शतकात अब्बासी काळात अरस्तूचे प्राणिविषयक लेखन अरबीत आले. त्या अनुवादाचे श्रेय याह्या इब्न अल-बित्रीक याला दिले जाते. बसऱ्याचा थोर लेखक अल-जाहिझ याने आपल्या 'किताब अल-हयवान' या ग्रंथात अरस्तूचे दाखले दिले आणि काही ठिकाणी त्याच्याशी वादही घातला. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला मायकेल स्कॉट याने याच अरबी पाठावरून लॅटिन भाषांतर केले आणि युरोपच्या विद्यापीठांत हे ज्ञान परत पोहोचले. म्हणजे माशांच्या घुरघुरण्याची ही नोंद ग्रीकमधून अरबीत आणि अरबीतून लॅटिनमध्ये असा प्रवास करून आली. पण ती पुस्तकातच राहिली. पाण्यात कान घालून ती पडताळून पाहावी, असे विद्वानांना फारसे वाटले नाही.

बुडी मारून ऐकणारे

विद्वान ऐकत नव्हते, तेव्हा कोळी मात्र ऐकत होते. मलाया द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावर केलांतान आणि तेरेंगानू हे मुस्लिम मच्छिमारांचे प्रदेश आहेत. तिथे मोठ्या जाळ्याच्या मासेमारीत एका माणसाचा मान सर्वांत मोठा असे. त्याला 'जुरु सेलाम' म्हणत. मलय भाषेत 'जुरु' म्हणजे वाकबगार आणि 'सेलाम' म्हणजे बुडी. आपल्या सलामशी त्याचा काही संबंध नाही. हा माणूस छोट्या होडीच्या कडेला धरून पाण्यात उतरायचा, डोके पाण्याखाली घालायचा आणि ऐकायचा. खाली मासे आहेत का, कोणते आहेत, जाळे टाकावे की नाही, हे तो आवाजावरून ठरवायचा. त्याच्या शब्दावर सगळ्यांची दिवसभराची मेहनत अवलंबून असे.

मानववंशशास्त्रज्ञ रेमंड फर्थ १९३९-४० मध्ये केलांतानच्या पेरुपोक गावी राहिले आणि १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या 'मलय फिशरमेन' या पुस्तकात त्यांनी या जाणकारांबद्दल लिहिले. हे मासे प्रवाळावरचे नव्हते, उघड्या समुद्रात थव्याने फिरणारे होते. पण समुद्र मुका नाही आणि वेगवेगळ्या माशांचा आवाज वेगवेगळा असतो, ही गोष्ट या माणसांना कुठल्याही यंत्राशिवाय माहीत होती. पुस्तकात ती अर्थशास्त्राचा भाग म्हणून आली. प्राणिशास्त्राला तिची दखल घ्यावीशी वाटली नाही.

युद्धाला ऐकू आले

प्राणिशास्त्राने कान उघडले ते युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांचा धोका वाढला, तेव्हा अमेरिकेने बंदरांच्या तोंडाशी हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचे माइक बसवले. १९४२ च्या वसंत ऋतूत चेसापीक उपसागरातल्या हायड्रोफोनवर अचानक रस्ता फोडणाऱ्या यंत्रासारखा खडखडाट सुरू झाला. त्यात पाणबुडीचा आवाज कसा ओळखायचा? शेवटी उलगडा झाला की हा गोंधळ 'क्रोकर' नावाच्या माशांचा आहे. आपल्याकडचे ढोमी आणि घोळ हे याच कुळातले. घोळीच्या पोटातल्या ज्या बोताला आज सोन्याचा भाव मिळतो, ती हीच हवेची पिशवी. या कुळातले मासे तिच्यालगतचे स्नायू वेगाने हलवून तिला ढोलासारखे वाजवतात.

उष्ण समुद्रात आणखी एक आवाज नौदलाला सतावत होता. कढईत काहीतरी तडतडावे तसा, रात्रंदिवस चालणारा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या युद्ध-संशोधन विभागाने त्याचा माग काढला. उथळ, उबदार पाण्यात, खडक, शिंपले आणि प्रवाळाच्या फटींत राहणारी बोटभर लांबीची एक कोळंबी आपला मोठा चिमटा फटकन मिटते, त्याचा हा आवाज होता. १९४७ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. पुढे २००० साली डच आणि जर्मन शास्त्रज्ञांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने दाखवून दिले की आवाज चिमट्याच्या आपटण्याचा नसतो. चिमटा इतक्या वेगाने मिटतो की पाण्यात एक बुडबुडा तयार होतो, आणि तो फुटतो तेव्हा 'फट' असा आवाज येतो. प्रवाळाजवळ पाण्यात डोके घातल्यावर जी तडतड ऐकू येते, तिचा मोठा भाग या कोळंबीचा असतो.

युद्ध संपले, पण नौदलाची गरज संपली नाही. शत्रूचा आवाज कोणता आणि माशाचा कोणता, हे ठरवायला एक नमुनासंग्रह हवा होता. हे काम मेरी पोलंड फिश या जीवशास्त्रज्ञ बाईंकडे आले. आडनावच फिश! विल्यम बीब यांच्या १९२५ च्या 'आर्क्ट्युरस' सागरी मोहिमेत त्या होत्या. ऱ्होड आयलंडच्या नॅरागॅन्सेट प्रयोगशाळेत त्यांनी शेकडो जातींचे मासे टाकीत ठेवून, कधी विजेचा हलका झटका देऊन, त्यांचे आवाज नोंदवले. विल्यम मोब्रे यांच्यासोबत १९७० साली त्यांनी पश्चिम उत्तर अटलांटिकमधल्या माशांच्या आवाजांवर जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. आजही अभ्यासक तो उघडतात.

पण टाकीत झटका खाऊन ओरडणारा मासा आपल्या घरी काय बोलतो, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी प्रवाळावरच जायला हवे होते.

बिमिनी: आवाज कुणाचा?

फ्लोरिडाच्या पूर्वेला, बहामातल्या बिमिनी बेटावर १९४८ साली लर्नर सागरी प्रयोगशाळा सुरू झाली. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीशी ती जोडलेली होती. समोरच प्रवाळ आणि निवळशंख पाणी. बोडॉइन कॉलेजचे जेम्स मोल्टन यांनी इथल्या माशांच्या आवाजांवरचा अभ्यास १९५८ मध्ये प्रसिद्ध केला. विल्यम टॅव्होल्गा यांनी खरबा नावाच्या लहान माशाच्या कुळातल्या नरांचे प्रियाराधनाचे आवाज तपासले. १९६३ मध्ये याच प्रयोगशाळेत सागरी जीवांच्या आवाजांवर परिषद भरली आणि या विषयाला स्वतःची ओळख मिळाली.

या सगळ्यांपुढे अडचण एकच होती. आवाज तर ऐकू येतो, पण तो करतो कोण? हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर पाण्यात सुमारे १५०० मीटर. आपले दोन कान हवेसाठी घडलेले. पाण्यात आवाज दोन्ही कानांना जवळजवळ एकाच वेळी गाठतो, त्यामुळे दिशा कळत नाही. त्यातून मासा बोलताना तोंड उघडतोच असे नाही. पन्नास विद्यार्थ्यांच्या वर्गात फळ्याकडे तोंड करून उभ्या शिक्षकाला मागून आलेला आवाज कुणाचा ते सांगता येत नाही, तशी ही अवस्था.

यावर उपाय निघाला तो कॅमेऱ्याचा. मायामीच्या अभ्यासकांनी १९६० नंतर बिमिनीच्या समुद्रतळाशी टेलिव्हिजन कॅमेरा आणि हायड्रोफोन एकत्र बसवले आणि केबलने किनाऱ्याशी जोडले. पडद्यावर मासा दिसतोय आणि त्याच क्षणी आवाज ऐकू येतोय, अशी सोय पहिल्यांदा झाली. पाण्यात माणूस नाही, बुडबुडे नाहीत, मासे बिचकत नाहीत. पुढे फिलिप लोबेल यांनी बुडबुडे न सोडणारे श्वसनयंत्र वापरून माशांजवळ जाऊन अंडी घालण्याच्या क्षणाचे आवाज टिपले. कुस्तोंना जे ऐकू आले नव्हते, ते श्वासाचा गोंगाट थांबवल्यावर ऐकू आले.

आवाजाचा अर्थ

कोण बोलतो हे कळल्यावर पुढचा प्रश्न आला: काय बोलतो? 'स्क्विरलफिश' हा मोठ्या डोळ्यांचा लाल मासा दिवसा कपारीत लपून बसतो. हॉवर्ड विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९६० च्या दशकात आढळले की कपारीपाशी छोटा मासा आला तर तो एकदाच गुरगुरतो, पण मोठा धोका दिसला तर तुटक आवाजांची सरबत्ती करतो. म्हणजे दटावणी वेगळी आणि धोक्याची हाक वेगळी.

मायामी विद्यापीठाचे आर्थर मायर्बर्ग यांनी तर एका चिमुकल्या माशावर अनेक वर्षे घालवली. अर्धा काळा, अर्धा पांढरा असा हा दुरंगी 'डॅमसेल' मासा. प्रत्येक नराचा खडकावर आपापला छोटा इलाखा असतो. नर पाण्यात खाली-वर झेपा घेत चिवचिव करतो. मायर्बर्ग यांनी या चिवचिवाटाची टेप पाण्यात वाजवून पाहिली. १९८५ च्या त्यांच्या अभ्यासातून दिसले की नर आपल्या शेजाऱ्याला आवाजावरून ओळखतो. शेजाऱ्याच्या जागेवरून शेजाऱ्याचाच आवाज आला तर तो फारसे मनावर घेत नाही. पण तिथून भलत्याच नराचा आवाज आला की तो खवळतो. आपणही मोहल्ल्यातल्या नेहमीच्या हाकेने दचकत नाही, अनोळखी आवाजाने दचकतो. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवले की माद्या नराच्या नोंदवलेल्या आवाजाकडे खेचल्या जातात. दिसायला तिथे मासा नाही, फक्त स्पीकर आहे, तरीही.

आवाज निघतो कसा, याचीही उत्तरे मिळत गेली. कुणी बोत वाजवतो, कुणी घशातले दात घासतो. मुलांना 'निमो' म्हणून ठाऊक असलेला क्लाउनफिश काय करतो, हे २००७ साली बेल्जियमच्या लीज विद्यापीठाचे एरिक पार्मांतिए यांनी वेगवान कॅमेरा आणि क्ष-किरणांच्या मदतीने उलगडले. त्याच्या जबड्याला जोडलेला एक खास पट्टा आहे. त्याने जबडा झटकन मिटतो, दातांवर दात आपटतात आणि आवाज निघतो. निमो दात वाजवून शेजाऱ्यांना धमकावतो!

सूर्यास्तानंतर प्रवाळावर अनेक मासे एकत्र आवाज करू लागतात. ऑस्ट्रेलियाच्या उष्ण समुद्रातले हे सामूहिक गायन डग्लस केटो यांनी १९७८ मध्ये सविस्तर मांडले. पक्ष्यांची पहाट असते तशी माशांची संध्याकाळ.

घरचा रस्ता दाखवणारा आवाज

इथवर हा विषय कुतूहलाचा वाटू शकतो. २००५ साली त्याला वेगळे वळण मिळाले. प्रवाळावरच्या बहुतेक माशांची पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावर काही आठवडे उघड्या समुद्रात वाढतात. मग त्यांना राहण्यासाठी प्रवाळ शोधायचा असतो. नखाएवढे ते पिल्लू अथांग पाण्यात रस्ता कसा शोधते? स्टीफन सिम्पसन आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर, लिझर्ड बेटाजवळ मेलेल्या प्रवाळाचे छोटे ढीग रचले. काही ढिगांवर रात्री जिवंत प्रवाळाचे आवाज वाजवले, काही शांत ठेवले. आवाजाच्या ढिगांवर जास्त पिल्ले येऊन राहिली. म्हणजे कोळंबीची तडतड आणि माशांची गुरगुर मिळून पिल्लांना वाट दाखवतात. इथे वस्ती आहे, या, असे सांगतात.

मग प्रवाळच मेला तर? २०१६ साली समुद्र तापल्याने ग्रेट बॅरियर रीफवर मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरा पडून मेला. त्याआधी तिथे वादळेही होऊन गेली होती. टिम गॉर्डन, सिम्पसन आणि सहकाऱ्यांकडे लिझर्ड बेटाजवळचे २०१२ मधले ध्वनिमुद्रण होते. त्यांनी २०१६ मध्ये त्याच जागी पुन्हा आवाज टिपला. २०१८ साली त्यांचा निष्कर्ष आला. खडक सुमारे १५ डेसिबलने शांत झाले होते, आणि या उजाड आवाजाकडे पूर्वीच्या आवाजापेक्षा ४० टक्के कमी पिल्ले आली. प्रवाळ मेला म्हणून मासे गेले, मासे गेले म्हणून आवाज गेला, आणि आवाज गेला म्हणून नवे मासे येईनात. उजाड गावाचे असेच होते. अजान नाही, घंटा नाही, मुलांचा दंगा नाही. मग परतणाऱ्यालाही वाटते की इथे आता कुणी राहत नाही.

आपला गोंगाट यात भर घालतो. २०१६ मधल्याच एका अभ्यासात, मोटरबोटीचा आवाज चालू असताना लहान डॅमसेल मासे शिकाऱ्याच्या तोंडी दुपटीहून अधिक सापडले.

उपायाच्या दिशेनेही प्रयोग झाले. याच गटाने तुटक्या प्रवाळाचे ३३ ढीग रचून काहींवर ४० दिवस निरोगी प्रवाळाचा आवाज वाजवला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार तिथे दुप्पट मासे आले आणि जातींची संख्या निम्म्याने वाढली. नुसत्या स्पीकरने प्रवाळ जिवंत होत नाही, समुद्र थंड होत नाही, हे संशोधकही सांगतात. पण मासे आले तर शेवाळ खाल्ले जाते आणि प्रवाळाला पुन्हा वाढायला जागा मिळते. इंडोनेशियात सुलावेसीजवळ सुरुंगाच्या मासेमारीने उद्ध्वस्त झालेल्या प्रवाळाची पुन्हा लागवड झाली, तेव्हा तिथे वस्ती परतली का, हे टिम लॅमोंट आणि सहकाऱ्यांनी कानाने तपासले. आवाज परतले होते, आणि त्यांतले कित्येक कोणत्या माशाचे ते अजून कुणालाच ठाऊक नाही.

आपल्या किनाऱ्यावर

२०२२ मध्ये झालेल्या जागतिक मोजणीत ९८९ जातींचे मासे स्वतःहून आवाज करतात हे सिद्ध झालेले आढळले. जगात माशांच्या जाती चौतीस हजारांवर आहेत. बाकीचे मुके आहेत असा याचा अर्थ नाही. त्यांतल्या बहुतेकांचे कुणी ऐकूनच घेतलेले नाही.

आपल्याकडे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी ग्रँड बेटाजवळच्या प्रवाळात हायड्रोफोन ठेवून मासे आणि कोळंबीचे आवाज नोंदवले आहेत. मालवणजवळ प्रवाळ आहे. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांचे नाव धारण करणारा 'आंग्रिया बँक' हा बुडालेला प्रवाळ पठार आहे. त्याच्याही पलीकडे लक्षद्वीप आहे. तिथल्या प्रवाळाने १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये तापलेल्या समुद्राचे तडाखे सोसले. तिथल्या माणसांचे घर, होडी आणि जेवण त्याच प्रवाळाच्या आधाराने आहे.

ग्रेट बॅरियर रीफवर काय हरवले हे कळले, ते २०१२ साली कुणीतरी तिथे शांतपणे माइक सोडून बसले होते म्हणून. तेव्हा त्या मुद्रणाला फार मोल नव्हते. चार वर्षांत ते पुरावा झाले. मालवण, आंग्रिया आणि लक्षद्वीपचे आजचे आवाज आज नोंदवले नाहीत, तर उद्या तिथे शांतता पसरल्यावर, इथे आधी काय होते, हे आपण कशाच्या आधारावर सांगणार? त्या नोंदीसाठी महागडे यंत्र लागते, हे खरे. पण रत्नागिरीचा दालदी मच्छिमार, मालवणचा गाबीत आणि लक्षद्वीपचा नावाडी यांना समुद्राच्या आवाजाबद्दल काय माहीत आहे, हे विचारायला वही आणि पेन पुरेसे आहे. पेरुपोकच्या जुरु सेलामकडे प्राणिशास्त्राने वेळेवर विचारपूस केली नाही. आपल्याकडे जाणकार अजून हयात आहेत, आणि त्यांच्या होडीखालचा समुद्रही अजून बोलतो आहे.